पाण्यातून गाडी काढली, मग ऑइल का गळतं?

आज बचतीवर नाही, दारात उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरवर बोलायचंय. रहाटणीत आपल्या गटांतल्या कितीतरी जणींचा धंदा तिच्यावर चालतो. कुणी डबे पोचवतं, कुणी शिवलेले ब्लाउज. पवना नदी आपल्याला लागूनच वाहते. मावळात पाऊस झाला, धरणातून पाणी सोडलं, की आपल्याकडे धाकधूक सुरू.

२५ जुलै २०२४ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी आमच्या गटातल्या एका ताईंनी गुडघ्याच्या वर पाणी असताना गाडी काढली. बंद पडली नाही म्हणून त्या खूश होत्या. तीन दिवसांनी गाडीखाली तेलाचा डाग दिसला. त्यांनी वरून थोडं ऑइल ओतलं. पुन्हा डाग, पुन्हा ओतलं. पंधरा दिवसांनी इंजिन जाम! गटातून कर्ज काढून काम करावं लागलं, डब्याची गिऱ्हाइकं तुटली ती वेगळीच. त्यानंतर आम्ही एका मेकॅनिकदादांकडे बसून हे सगळं समजून घेतलं.

पाण्यानंतर ऑइल का गळतं? गरम इंजिन एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. हे पाणी हवेच्या नळीतून, एअर फिल्टरमधून किंवा जुन्या सीलमधून आत जातं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की पातळी वाढते आणि ते कच्च्या जागेतून बाहेर येतं. दुसरं, चिखलाची बारीक वाळू रबरी सीलला घासते, म्हणून गळती काही दिवसांनी दिसते. तिसरं, पाण्याखालचा खड्डा दिसत नाही आणि खालचा ड्रेन बोल्ट दगडावर आपटतो. कधी गळती जुनीच असते. मळीने बुजलेली जागा पाण्याने धुऊन निघते, इतकंच.

मग करायचं काय? गाडी पाण्यात बंद पडली तर बटण दाबू नका, किक मारू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असेल तर वर येणारा पिस्टन अडतो आणि आतला रॉड वाकतो. गाडी ढकलत कोरड्या जागी न्या.

घरी आल्यावर गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. ऑइल मोजायची काडी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर गेली, तर पाणी शिरलंय असं समजा. अशा ऑइलला वंगणाचा गुण उरत नाही, म्हणून गाडी चालू न करता गॅरेजला न्या. ऑइल बदलून, इंजिन थोडं फिरवून, बरेचदा दुसऱ्यांदाही बदलावं लागतं.

काडी ठीक दिसली तरी रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवा. पाण्याचा डाग सुकतो, तेलाचा राहतो. डाग इंजिनखाली आहे की मागच्या चाकाजवळ, ते मेकॅनिकला सांगा. मागे गिअर ऑइल वेगळं असतं, त्यातही पाणी जातं. आणि ते टायरवर किंवा ब्रेकमध्ये उतरलं तर गाडी घसरते. तेव्हा मागच्या बाजूला तेल दिसलं की गाडी चालवायचीच नाही.

विम्याचंही बघून ठेवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने झालेला बिघाड बहुतेकदा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षण जोडून घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी पॉलिसी काढून वाचा, नाही समजलं तर गटाच्या बैठकीला घेऊन या.

शेवटचं, काढलेलं ऑइल गटारात ओतू देऊ नका. ते पवनेतून मुळेत, पुढे भीमेत आणि उजनीपर्यंत जातं. ते गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या डब्यातच गेलं पाहिजे.

आमच्या ताई आता दर पावसानंतर काडी बघतात. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हीही आज संध्याकाळी एकदा बघाच.