पेंढ्यातली साखर मोकळी करताना

भाताच्या वाळलेल्या पातीवरून उलटं बोट ओढलं की ते चरचरतं, कधी कापतंही. त्या पातीत सिलिका असते, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक. पेंढा जाळला तर वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास राख उरते आणि तिच्यातही बहुतांश सिलिकाच. याच पेंढ्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेच्या लांबलचक साखळ्यांचा आहे. ती साखर आंबवली की इथेनॉल मिळतं. अडचण आहे ती साखरेपर्यंत पोचण्याची.

काडीची रचना कुडाच्या भिंतीसारखी असते. सेल्युलोजचे धागे म्हणजे उभ्या कारव्या, हेमिसेल्युलोज हे त्यांना बांधणारे बंध आणि लिग्निन हे वरून थापलेलं लिंपण. सेल्युलोज तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, कच्च्या पेंढ्यावर कितीही ओतली तरी लिंपणामुळे त्यांना आत शिरता येत नाही. म्हणून आधी ही भिंत खिळखिळी करावी लागते. कारखान्यातल्या या पायरीला पूर्वप्रक्रिया म्हणतात, आणि माझ्या मते अख्ख्या उद्योगाचं भवितव्य तिच्यावरच ठरतं.

सर्वाधिक वापरली गेलेली रीत अशी : पेंढ्याचे तुकडे जेमतेम एक टक्का तीव्रतेच्या गंधकाम्लात भिजवायचे, बंद पात्रात १६० ते १९० अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत काही मिनिटं ठेवायचे आणि मग दाब एकदम सोडायचा. काडीतलं पाणी क्षणात वाफ होऊन फुटतं आणि तंतू विस्कटतात. हेमिसेल्युलोज विरघळून त्याची झायलोज नावाची साखर होते. लिग्निन मऊ होऊन बाजूला सरकतं. बाहेर येतो तो काळपट तपकिरी, आंबूस वासाचा लगदा.

इथे मिनिटांना किंमत आहे. वाफ कमी दिली तर विकरं उपाशी राहतात. जास्त दिली तर झायलोजमधलं पाणी निघून फरफ्युरल तयार होतं आणि ते यीस्टला मारक ठरतं. मुद्दाम वेगळं काढलं तर हेच फरफ्युरल विकण्याजोगं रसायन आहे. अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने १९२०च्या दशकातच ओटच्या टरफलांपासून ते बनवायला घेतलं होतं.

पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावर चालणारा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला सुमारे दीडशे लिटर, असं उद्दिष्ट. पण गठ्ठ्यांबरोबर शेतातली माती आणि खडेही येतात. सिलिका आणि आम्ल मिळून स्क्रू, झडपा, नळ्या झिजवतात. प्रयोगशाळेत स्वच्छ धुतलेल्या काडीवर हे दुखणं दिसतच नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एमेट्सबर्गचा मक्याच्या ताटांचा कारखाना २०१४ मध्ये थाटात उघडला. पूर्वप्रक्रियेतली मोठी अडचण सुटल्याचं जाहीर करायला त्याच्या चालकांना २०१७ उजाडलं, आणि २०१९ मध्ये तिथलं व्यापारी उत्पादन थांबलं.

उरलेलं लिग्निन सहसा बॉयलरमध्ये जळतं. त्याहून चांगला उपयोग नागपूरजवळ मनसरला झाला आहे. लिग्निन मिसळलेल्या डांबराचा, राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे एक किलोमीटरचा पट्टा तिथे डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला.

आपल्याकडे उसाचं पाचट आणि विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अजून फडात, धुऱ्यावर पेटवली जाते. पाचट कुट्टी करून शेतातच कुजवणं जमिनीसाठी उत्तम, त्यामुळे कारखान्याने खरोखर उरलेलं तेवढंच न्यावं. पऱ्हाटीची गोष्ट वेगळी. ती लाकडासारखी कठीण, तिच्यात लिग्निन पेंढ्यापेक्षा बरंच जास्त. भाताच्या पेंढ्याला लागू पडणारं आम्ल, तापमान आणि वेळ यांचं गणित तिला जसंच्या तसं चालणार नाही. विदर्भात कारखान्याची कोनशिला बसवण्याआधी पऱ्हाटीवर, तीही मातीसकट, टनावारी चाचण्या व्हायला हव्यात आणि सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता त्यासाठीच राखून ठेवायला हवा.