गुराबेची प्रतिकृती कशी करावी?



आपल्या मढ गावचा किल्ला सर्वांनी पाहिला आहे. त्याला वेसावे किल्ला असेही म्हणतात. १७३९ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. किल्ला अजून उभा आहे, पण मराठ्यांची लढाऊ जहाजे कुठे गेली?

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली नि पुढे तिथल्या खाडीत जहाजे बांधायला लावली. कान्होजी आंग्रे यांनी ते आरमार खूप वाढवले. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला. तेव्हा तुळाजी आंग्रे यांची जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. एकाला आग लागली नि सगळी जळाली. म्हणून आता प्रतिकृती करूनच ती बघावी लागतात. पण प्रतिकृती खरी पाहिजे.

रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने गुराबेचे वर्णन लिहून ठेवले आहे. गुराब म्हणजे मोठे लढाऊ जहाज. तिला दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत असे. ती रुंद होती आणि तिला पाणी कमी लागे, म्हणून ती उथळ खाडीतही शिरे. तिचे नाक लांब नि पुढे आलेले असे. त्या नाकावरून मारा करायला समोर दोन मोठ्या तोफा असत. त्यांचा गोळा ९ किंवा १२ पौंडांचा. बाजूच्या तोफा त्याहून लहान, ६ ते ९ पौंडांच्या. पुष्कळ लोक शोभेच्या जहाजाला दोन्ही बाजूंनी मोठमोठ्या तोफा लावतात नि समोर काहीच ठेवत नाहीत. ती गुराब नव्हे. पळणाऱ्या जहाजाचा पाठलाग करायचा तर तोफ समोरच हवी ना!

आता कृती. एका फुटाला पाव इंच असे माप धरा. मग पाच फुटी माणूस सव्वा इंचाचा होतो. आठ फुटी तोफ दोन इंचांची होते. ९ पौंडांचा गोळा चार इंच जाडीचा असतो, तो मोहरीच्या दाण्याएवढा होतो! आधी चौकटीच्या कागदावर चित्र काढा. पुठ्ठ्याच्या फासळ्या कापून चिकटवा. त्यांवर बांबूच्या पातळ पट्ट्या लावा.

तोफेसाठी बॉलपेनची रिकामी रिफिल धुऊन दोन इंच कापा. तिच्यावर डिंक लावून कागदाची पट्टी गुंडाळा. मागच्या बाजूला जास्त वेढे द्या. खरी तोफ मागे जाड असते, कारण दारू तिथेच पेटते नि तिथेच जोर बसतो. वाळल्यावर काळा रंग द्या. तोफ उडाली की मागे ढकलली जाते, म्हणून तिला चाकांचा गाडा नि जाड दोर लागतो. तेही करायला विसरू नका.

शिडाचे दोर कसे बांधायचे हे पुस्तकापेक्षा आपल्या आजोबांना जास्त ठाऊक आहे. ज्यांनी शिडाची होडी चालवली आहे त्यांनी वर्गात येऊन आम्हांला गाठी दाखवाव्यात, ही विनंती. आता सगळ्या होड्या इंजिनाच्या झाल्या. आम्ही आज शिकलो नाही, तर त्या गाठीही जहाजांसारख्या जातील.

— इयत्ता चौथी