पोरगं शाळेत जातं, पण शाळा त्याची झाली का?

मुलाचे नाव पटावर चढले, गणवेश आला, दप्तर आले, की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो. पण वाचकहो, पटावर नाव असणे वेगळे आणि वर्गात आपली जागा असणे वेगळे.

साताऱ्याचेच पाहा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव नावाचा मुलगा तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाला. नाव पटावर होते. पण बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे. नळालाही हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी; शिपाई नसला तर तहान दाबून बसायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. पाढे म्हणायच्या वयातल्या पोराला शिपायाची वाट बघत बसावे लागले.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. चूल एक, पंगत एक. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरात वाढलेल्या. पण या साऱ्या लेकरांना त्यांनी पोटच्या पोरांसारखे जेवू घातले. दाणागोटा संपला तेव्हा अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. तरी मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. तिथली कामे मुलेच करीत. पाणी भरायचे, स्वयंपाकाला हात लावायचा, शेतात राबायचे. ज्याने सकाळी पाणी भरले, त्याला दुपारी पानावर बसताना मान खाली घालावी लागत नाही. मदत देतानाही माणसाचा मान राखता येतो, हे भाऊरावांना नेमके कळले होते.

आज शाळेत कोणी गोणपाट आणायला सांगत नाही. पण भेद शब्दांत उरतो. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा,’ असे भर वर्गात म्हटले, की पैसे मिळतात पण पोर शरमून जाते. तेच काम कागदावर नावे लिहून गुपचूप होते की! बीडकडची मंडळी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांचे मूल मध्येच परक्या गावच्या शाळेत येते आणि पट्टा पडला की परत जाते. चार महिन्यांचा पाहुणा म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवले, तर त्याने अभ्यासात जीव का घालावा? तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. पहिलीत त्याची मराठी अडखळली म्हणून त्याला ‘ढ’ ठरवणे म्हणजे पेरा उशिरा झाला म्हणून बियाणे खोटे म्हणणे.

सारा दोष गुरुजींच्या पदरात टाकू नका. ‘त्याच्या शेजारी कशाला बसलास?’ हे आपण ओसरीवर बसून विचारतो आणि पोर ते दप्तरात घालून शाळेत नेते.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मारणे तर बंद केलेच, पण त्याचा मानसिक छळही मना केला आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारांपैकी तीन सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात आणि दुबळ्या घरांतल्या पालकांनाही वाटा हवा. दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकिणी नेमताना दलित-आदिवासी बायांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले आहे.

तेव्हा एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शाळेत चक्कर टाका. कोण कोणाशेजारी बसते, वाढप कोण करते, पाण्याच्या पिंपाशी कोण मागे उभे राहते, ते नुसते बघा. दिसेल ते समितीच्या सभेत बोला. माउलींनो, सभेला निघताना तोडीवरून परतलेल्या शेजारणीलाही हाक मारा. तिचे पोर त्याच शाळेत असेल, तर समितीत बसायचा तिलाही हक्क आहे.