आधीं निदान, मग पाना

वैद्यकांत निदानाला जें स्थान आहे तेंच यंत्रविद्येंतही असावयास पाहिजे. परंतु व्यवहारांत तसें क्वचितच आढळतें. गाडी बंद पडली, कीं प्रथम पाना हातीं घेतला जातो आणि विचार मागाहून येतो. एक भाग बदलून पाहावा, त्यानें भागलें नाहीं तर दुसरा बदलावा, असा क्रम चालतो; आणि प्रत्येक अनावश्यक भागाचें बिल मात्र मालकास भरावें लागतें. ज्या कुटुंबाची आंब्याची बाग, भाजीपाला किंवा दुधाचा रतीब एखाद्या जुन्या पिकअपवर अवलंबून आहे, त्यास हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. गाडी दोन दिवस उभी राहिली तर भरलेल्या पेट्या अंगणांतच पिकूं लागतात, आणि बाजार कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून जुन्या डिझेल पिकअपचा फीड पंप निकामी झाला हें ओळखावें कसें, व तो बदलावा कसा, हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘जुनी’ म्हणजे कोणती, हें आधीं सांगितलें पाहिजे. टेल्को कंपनीनें १९८८ सालीं टाटामोबाईल ही पिकअप बाजारांत आणली. त्या पिढीच्या गाड्यांत डिझेलचा सारा कारभार यांत्रिक होता. अलीकडच्या कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत तो संगणकाच्या स्वाधीन असतो व तेथील दाब फारच प्रचंड असतो. त्यांस पुढील विवेचन लागू नाहीं.

या जुन्या गाड्यांत पंप दोन असतात, आणि या दोहोंची गल्लत हेंच पुष्कळ अनर्थांचें मूळ आहे. लहान तो फीड पंप. टाकींतील डिझेल ओढून घ्यावें व फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे पोंचवावें, एवढेंच त्याचें काम. त्याचा दाब अल्प. दर चौरस सेंटिमीटरला किलोभर किंवा त्याहून कमी. मोठा पंप तेंच डिझेल शंभराहून अधिक, कित्येक इंजिनांत दोनशेंच्याही वर दाबानें नोझलकडे धाडतो. असे मोठे पंप जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९२७ सालापासून मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. आपल्याकडे १९५१ सालीं स्थापन झालेल्या बंगलोरच्या मायको कंपनीमुळें ते घरोघरच्या गाड्यांत पोंचले. मोठ्या पंपाची दुरुस्ती खर्चाची व नाजूक. लहान पंपाची त्या मानानें अगदींच किरकोळ. परंतु लहानानें पुरवठा केला नाहीं, तर दोष मोठ्याच्या माथीं येतो. स्वयंपाकघरांत पाणी आलें नाहीं म्हणून स्वयंपाकिणीस बोल लावावा, तशांतला हा प्रकार.

फीड पंप पडद्याचा किंवा दट्ट्याचा असतो. पडद्याच्या पंपास गॅरेजांत ‘एसी पंप’ म्हणतात. लोहाराचा भाता ज्यानें पाहिला आहे त्यास याची रचना समजावयास वेळ लागणार नाहीं. इंजिनांतील कॅम एका दांडीस ढकलतो, दांडी रबरी पडदा ओढते, आणि त्या पोकळींत टाकीकडून डिझेल येतें. मग स्प्रिंग पडद्यास परत लोटते व डिझेल पुढें जातें. आंत येणारें व बाहेर जाणारें डिझेल उलट फिरूं नये म्हणून दोन झडपा असतात. दट्ट्याचा पंप मोठ्या पंपाच्या कुशीस बसविलेला असून त्यावर हातानें दाबावयाची मूठ असते. कार्य दोहोंचें एकच.

आतां निदानाकडे वळूं. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या निदानस्थानांत रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत : निदान म्हणजे हेतु, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. हीं पांचही या लोखंडी रोग्यास आश्चर्यकारक रीतीनें लागूं पडतात.

हेतु असे : पडदा वर्षानुवर्षांच्या वापरानें कडक होऊन चिरतो, टाकींतील गंज व गाळ झडपेखालीं अडकतो, पावसाळ्यांत उभ्या गाडीच्या टाकींत पाणी सांचतें, दांडी झिजते. पूर्वरूप असें : सकाळीं पहिल्यानें सुरू होतांना सेल्फ फार वेळ मारावा लागतो, कारण झडप नीट न मिटल्यानें रात्रींत डिझेल टाकीकडे परततें. रूप असें : सपाटीवर गाडी बरी चालते, पण भार घेऊन चढाव लागला कीं गुदमरते व ओढ हरवते, पुढें पुढें सुरू होऊन लगेच बंद पडते.

रोगाची संप्राप्ति समजल्यावांचून हीं लक्षणें उमगत नाहींत. डिझेल दाबलें तरी फारसें आकसत नाहीं. हवा मात्र आकसते. मोठ्या पंपांत हवेचा बुडबुडा शिरला, कीं त्याचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांत खर्च होतो आणि नोझल उघडतच नाहीं. यालाच ‘गाडीनें एअर घेतली’ असें म्हणतात. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. फीड पंपाच्या पुढच्या बाजूस गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतें. पण टाकीपासून पंपापर्यंतच्या नळींत चीर असेल तर बाहेर थेंबही दिसत नाहीं, उलट हवा आंत खेंचली जाते. म्हणजे अधिक त्रासदायक गळती ही कोरडी असते.

राहिला उपशय. रोग गूढ असेल तेव्हां विशिष्ट उपचारानें आराम पडतो कीं नाहीं हें पाहून तो ओळखणें, याचें नांव उपशय. त्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम टाकींत डिझेल आहे ना, हें डोळ्यांनीं पाहावें; कांट्यावर विसंबूं नये. मग टाकीचें झांकण सैल करून गाडी चालवून पाहावी. झांकणाचें श्वासछिद्र बुजल्यानें टाकींत पोकळी होऊन पुरवठा तुटतो, व तसें असल्यास रोग तेथेंच संपला. सेल्फ मारतांना धुराड्यांतून पांढरट धूर येत असेल तर डिझेल नोझलपर्यंत पोंचत आहे असें समजावें. मुळींच धूर नसेल तर पुरवठा बंद आहे, किंवा इंजिन थांबविणारा सोलेनॉइड अडकला आहे. फिल्टर जुना असेल तर तो बदलावा.

यानंतर मुख्य परीक्षा. स्वच्छ डब्यांत डिझेल घेऊन तो इंजिनाहून उंच टांगावा व त्याची नळी, फीड पंप वगळून, थेट फिल्टरला जोडावी. हवा काढून इंजिन सुरू करावें. तें जोरांत व अखंड चाललें, तर फिल्टर, मोठा पंप व नोझल निर्दोष ठरले. आतां फीड पंप पुन्हां फिल्टरला जोडावा, डबा जमिनीवर ठेवावा व त्याची नळी फीड पंपाच्या आंतल्या तोंडास द्यावी. इंजिन चाललें तर दोष टाकीकडील नळींत. गुदमरलें तर दोष फीड पंपांत. अर्ध्या तासाच्या या परीक्षेस एक डबा व दोन हात नळी यांपलीकडे खर्च नाहीं.

आमच्या पाहण्यांतील एक उदाहरण देतों. आमच्या शेजारच्या कुटुंबाची पिकअप चैत्रांत आंब्याच्या पेट्या घेऊन रत्नागिरीहून कोल्हापुरास निघाली, ती आंबा घाटांत वारंवार गुदमरून अखेर उभीच राहिली. माल दुसऱ्या गाडींत चढवावा लागला. एका कारागिरानें पाहतांक्षणीं मोठा पंप काढून कॅलिब्रेशनसाठीं पाठविला. आठ दिवस गाडी उभी. हंगामाचे आठ दिवस म्हणजे काय हें बागायतदारच जाणे. पंप परत आला, बसविला, आणि गाडी पुन्हां तशीच गुदमरली. मग एका वयस्क मिस्त्रीनें वरीलप्रमाणें डबा टांगला. उंच डब्यावर इंजिन खणखणीत चाललें, जमिनीवरच्या डब्यावर गुदमरलें. एसी पंप उघडला, तेव्हां पडद्यास नखाएवढी चीर निघाली. विशेष हें कीं, इंजिनाच्या ऑइलाची पातळी वाढलेली होती व त्यास डिझेलचा वास येत होता. फाटक्या पडद्यांतून डिझेल ऑइलांत उतरत होतें. असें पातळ ऑइल बेअरिंगचा नाश करतें. तेव्हां पातळी आपोआप वाढली म्हणून आनंद मानूं नये. ऑइल बदलल्यावांचून इंजिन सुरूच करूं नये.

पंप बदलण्याची कृति कठीण नाहीं, पण स्वच्छतेची आहे. इंजिन थंड असावें, बॅटरीची तार काढलेली असावी, जवळ विडी-काडी नसावी. पंपाभोंवतीचा भाग आधीं पुसून घ्यावा. नळ्या काढतांना कोणती आंतली व कोणती बाहेरची याची खूण करावी. दोन बोल्ट काढले कीं पंप सुटतो. जुनें पॅकिंग खरवडण्यापूर्वीं भोकांत स्वच्छ फडकें घालावें, नाहींतर तुकडे इंजिनांत पडतील; आणि काम झाल्यावर तें फडकें आठवणीनें काढावें. नव्या पंपाची दांडी जुन्याशीं ताडून पाहावी. लांबी व बांक एकच हवा. पॅकिंगही तेवढ्याच जाडीचें घ्यावें, कारण जाडी बदलली कीं दांडीची चाल बदलते. दांडी कॅमच्या योग्य बाजूस टेकली आहे याची खात्री करून दोन्ही बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. तांब्याचे वॉशर नवे घालावे.

आतां हवा काढणें. फिल्टरवरील एअर स्क्रू अर्धा फेरा सैल करून हातदांडी मारावी. ती अगदीं निर्जीव लागली तर पंप वाईट समजूं नये. कॅम उंचीवर थांबलेला असतो, इंजिन थोडें फिरवावें. प्रथम फेंस येईल, मग अखंड धार. धार चालूं असतांनाच स्क्रू आंवळावा. तेंच मोठ्या पंपावर करावें. तरीही इंजिन न घेतल्यास नोझलच्या नळ्यांच्या चाक्या किंचित् सैल करून सेल्फ मारावा, डिझेल झिरपलें कीं आंवळावें. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये. नोझलच्या फवाऱ्यापुढें बोट कदापि धरूं नये. तो दाब कातडी भेदून डिझेल रक्तांत घालतो, आणि जखम दिसावयास टांचणीएवढी असली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें लागतें.

टाकींतला गाळ काढल्याखेरीज व नवा फिल्टर घातल्याखेरीज हें काम पुरें झालें असें मानूं नये. हेतु तसाच ठेवून केवळ लक्षणाची चिकित्सा केली तर नवा पंपही त्याच वाटेनें जाईल. गाडींत दोन हात पारदर्शक नळी, कांहीं वॉशर, एक पॅकिंग व एक पाना नेहमीं असूं द्यावा. आणि गाडी दुरुस्तीस नेतांना कारागिरास ‘काय बदलावयाचें?’ असें न विचारतां ‘काय पाहिलें?’ असें विचारावें. ज्याला या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, त्याच्या हातीं गाडी निःशंक सोंपवावी.