नुसतं पाणी ओतू नका, ड्रम घासा!

डास म्हटलं की गटार आठवतं. पण चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. १९७३ साली बार्शीत या तापाची साथ आली. पडबिद्री व ज्ञानेश्वर या शास्त्रज्ञांनी केलेला तिचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तीसेक वर्षं देशात मोठी साथ नव्हती. २००५-०६ मध्ये ती मराठवाड्यातही परतली. यावर खास औषध अजून नाही.

चाकूरसारख्या ठिकाणी पाणी साठवल्याशिवाय भागत नाही. एडिसची अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडूनही काही महिने टिकतात. पाणी भरलं की अळ्या निघतात. डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून हॉस्टेलवर आठवड्याला एकदा ड्रम, बादल्या, कूलर रिकामे करून आतून घासा आणि पाण्यावर झाकण ठेवा.