मधमाशी आणि फवारणी

मुलांनो, उर्दूत ज्याला तुम्ही 'शहद' म्हणता, त्याला मराठीत 'मध' म्हणतात. मध गोळा करणारी ती मधमाशी. तिच्या घराला 'पोळे' किंवा 'मोहोळ' म्हणतात. मधमाशी फक्त मधच देते असे नाही, ती शेतकऱ्याचे पीकही वाढवते. कसे, ते पाहू या.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड तालुका आहे. तेथे कापूस, मका, कांदा ही पिके घेतात. कांद्याचे बी हवे असेल, तर कांदा पुन्हा जमिनीत लावतात. त्याला दांडा फुटतो आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. या फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर पक्व होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर पोहोचावा लागतो. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात. त्या आल्या नाहीत, तर गोंड्यात बी फार कमी भरते.

कांद्यावर फुलकिडे पडतात. त्यांना मारण्यासाठी शेतकरी औषध फवारतो. त्याचाही नाइलाज असतो. पण फुले उमललेली असताना भरदिवसा फवारणी केली, तर मधमाश्याही मरतात. पीक वाचवायला जावे आणि बीच हातचे जावे, असे होते.

काही माश्या लगेच मरत नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे मज्जातंतूंवर परिणाम करतात. त्यामुळे माशी परतीची वाट चुकू शकते. काही माश्या विषारी पराग घेऊन पोळ्यात येतात. तोच अळ्यांच्या खाण्यात जातो. बाहेर जाणाऱ्या माश्या कमी झाल्या, की अळ्या सांभाळणाऱ्या तरुण माश्यांना लवकर बाहेर पडावे लागते. मग अळ्यांची आबाळ होते आणि सारे पोळे दुबळे होते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड व तशाच आणखी दोन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला.

मग शेतकऱ्याने काय करावे? पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो फवारणी टाळावी. करावीच लागली, तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी. शेजारच्या शेतात मधपेट्या असतील, तर मालकाला आधी सांगावे, म्हणजे तो त्या हलवू शकेल. सातेरी माशी पेटीत पाळता येते. पण आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर राहते. तिला मालक नसतो. तिची काळजी फवारणाऱ्यानेच घ्यायला हवी.

औषधाच्या डब्याबरोबर माहितीपत्रक मिळते. तुमच्या घरी शेती असेल, तर त्यातील मराठी सूचना घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. तुम्ही शिकलेली मराठी अशीही उपयोगी पडेल.