झिओलाइट : एका शब्दाची जन्मकथा

नवी विहीर खणली की काठावर पडलेल्या ढिगाऱ्यातून पांढरे, चकाकणारे खडे आपण सर्वांनीच लहानपणी वेचले असतील. घरी त्यांना सरसकट 'गारगोटी' म्हणतात. पण ते सगळेच गारगोटीचे नसतात. चाकूचे टोक ओढून पाहा. गारगोटीवर ओरखडा उठत नाही. ज्यावर उठतो तो खडा बहुधा कॅल्साइटचा किंवा झिओलाइटचा. प्रस्तुत लेख या दुसऱ्या नावाविषयी आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला या रासायनिक शब्दाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु यातला अर्धा शब्द आपल्या इतिहासाच्या पुस्तकातच आहे. 'पॅलिओलिथिक' म्हणजे पुराश्मयुगीन. त्यातला 'लिथॉस' म्हणजे ग्रीक भाषेत दगड, आणि 'झेओ' म्हणजे उकळणे. झिओलाइट म्हणजे उकळणारा दगड! १७५६ साली ॲक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकनळीच्या ज्योतीत धरला. खडा फुगला, त्यातून वाफ निघाली. जे डोळ्यांनी दिसले, तेच त्याने नावात घातले.

ही वाफ आली कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. थिजताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. अशा ठिपकेदार खडकाला विहीर खणणारे 'मांजऱ्या' म्हणतात. पुढे खडकात झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साठवली. झिओलाइट हे सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या जाळीचे बनलेले असते. जाळीच्या सूक्ष्म बोगद्यांत सोडियम, कॅल्शियम यांसारखे धातू आणि पाणी असते. तापवले की पाणी निघून जाते, पण जाळी सहसा कोसळत नाही. ओलावा मिळाला की पाणी परत शिरते.

या जाळीमुळेच शब्द खाणीतून कारखान्यात गेला. साबणाला फेस येऊ न देणाऱ्या पाण्यातला कॅल्शियम झिओलाइट स्वतःकडे घेतो व बदल्यात सोडियम देतो. म्हणून कृत्रिम झिओलाइट धुण्याच्या पावडरीत घालतात. रसायनशास्त्रात त्याला 'आण्विक चाळणी' असेही म्हणतात. २०२१ च्या कोरोना लाटेत 'ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर' हे नाव खेड्यापाड्यांत पोचले. त्या यंत्राच्या पोटात कृत्रिम झिओलाइटचेच मणी असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. दाबाखालची हवा मण्यांतून जाताना ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो व मणी पुन्हा कामाला तयार होतात. किती घरांत त्या दिवसांत हे यंत्र रात्रभर घुमत होते! त्या घरांना मात्र हा शब्द ठाऊक नव्हता.

दगड आपला आणि नाव परक्याचे, असे का व्हावे? पुण्याच्या नावावरून एका खनिजाला नाव मिळालेही होते. १८३१ साली ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने त्याला 'पूनालाइट' म्हटले. पण ते स्वतंत्र खनिज नसून आधीच माहीत असलेल्या झिओलाइटांपैकीच एक ठरले आणि ते नाव मागे पडले.

नेवाशाला दगड पारखण्याची परंपरा जुनी आहे. १९५४ ते ५६ च्या उत्खननात प्रवरेकाठी ताम्रपाषाणयुगीन वस्ती सापडली. तेथील लोक कॅल्सेडनी या गारगोटीच्या भावंडाची धारदार पाती काढीत. तोही दगड असल्याच पोकळ्यांतला. कोणता दगड कोणत्या कामाचा, हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

काहींचे मत असे की, प्रत्येक शास्त्रीय संज्ञेला संस्कृत प्रतिशब्द हवाच. मला तसे वाटत नाही. 'झिओलाइट' हे नाव खुशाल तसेच राहो; अर्थ मात्र मराठीत आला पाहिजे. क्रोनस्टेटने पाहिले ते नावात सांगितले, 'मांजऱ्या' म्हणणाऱ्यानेही तेच केले. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो याच गावी. त्या गावच्या विद्यार्थ्याने पायाखालच्या दगडाचा अर्थ आपल्या आईला आपल्या बोलीत सांगावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.